डिझेल पंप गळतोय, घरीच खोलू का पंपवाल्याकडं टाकू?

बांधकरी
नमस्कार मंडळी. ट्रॅक्टर जुना आहे, चार सिलिंडर, साधा इनलाइन पंप (नोझलना प्रेशरनं डिझेल देणारा, प्रत्येक सिलिंडरला वेगळा प्लंजर, सगळे एका ओळीत), आपल्याकडं ज्याला सगळे मायकोचा पंप म्हणतात तो. (ट्रॅक्टर कुठल्या कंपनीचा ते लिहीत नाही, मागं त्यावरनं इथं नुसती भांडणं झाली होती.) पावसाळ्यापासनं पंपाच्या अंगावर डिझेल दिसायचं, पुसलं की परत ओलं, आता तर थेंब पडायला लागलेत आणि रात्रभर उभा राहिला की सकाळी खाली डाग. ओढायला काही प्रॉब्लेम नाही, धूर नेहमीसारखाच, फक्त सकाळी सेल्फ जरा जास्त मारावा लागतो. गावातला मिस्त्री म्हणतो पंप उतरवून तालुक्याला टाकू, एलिमेंट (म्हणजे प्लंजर-बॅरलची जोडी), डिलिव्हरी व्हॉल्व्ह सगळं नवीन, आठवडा धरा. आता कारखाना सुरू व्हायला आलाय, ऊस वाहतुकीच्या टायमाला आठवडाभर ट्रॅक्टर उभा ठेवायचा म्हणजे टोळीवाल्याला काय सांगू? चुलतभाऊ म्हणतो व्हिडिओ बघून आपणच खोलू, किट मिळतं बाजारात. घरी पान्यांचा सेट आहे, टॉर्क पाना नाही. तुम्ही काय केलं असतं?

फोरबायफोर_सातारा
एमसील लावा आणि सीझन काढा :)

नोझलनाना
एमसील कुणी लावू नका रे. ओल्या डिझेलवर ते धरत नाही आणि त्याचा एक कण जरी पुढं आत गेला तर पंप कामातनं गेला.

बांधकरी, मी एसटीच्या विभागीय कार्यशाळेत पंप सेक्शनला होतो, आता रिटायर. घरी का दुकानात ते नंतर बघू, आधी गळतंय कुठनं ते शोधा. सगळा पंप ओला दिसतो म्हणून पंपच गेला असं नसतं, डिझेल वरनं ओघळतं आणि पंख्याच्या वाऱ्यानं मागं पसरतं, त्यामुळं जिथं थेंब लोंबतो तिथं लिकेज जवळजवळ कधीच नसतं. इंजिन गार असताना पंप रॉकेल आणि ब्रशनं धुवा. गरम पंपावर गार पाणी अजिबात मारायचं नाही, आत प्लंजर आणि बॅरलमध्ये दोन-तीन मायक्रॉनची जागा असते, बाहेरचं एकदम आकसलं की आतलं धरतं. मग फडक्यानं कोरडा करून वर टाल्कम पावडर नायतर खडूची पूड भुरभुरा, आणि सेल्फ न मारता नुसता हँड पंप (डिझेल हातानं चढवायचा दांडा) मारत रहा. कमी प्रेशरच्या बाजूचं काय असेल ते, म्हणजे बँजो बोल्टचे (पायप जोडायचा पोकळ बोल्ट) वॉशर, फिल्टरकडं जाणारी पायपं, फीड पंप (टाकीतनं डिझेल ओढणारा), हे तिथंच ओलं होऊन दिसतं. तिथं कोरडं राहिलं तर इंजिन चालू करून बघा, नोझलच्या पायपांचे नट चालू इंजिनलाच बोलतात.

एक गोष्ट मोठ्या अक्षरात वाचा. चालू इंजिनला लिकेज हातानं चाचपायचं नाही. नोझल उघडायलाच पावणेदोनशे-दोनशे बार लागतात, त्या प्रेशरचा बारीक फवारा कातडी फोडून आत जातो, वरनं काटा टोचल्यासारखं दिसतं, फार दुखत पण नाही सुरुवातीला, आणि आत बोट सडायला लागतं. पुठ्ठा धरून बघा. कुणाला झालंच असं तर मलम लावत बसू नका, सरळ सर्जन असलेलं हॉस्पिटल गाठा आणि डिझेल आत गेलंय असं स्पष्ट सांगा.

आणि पंपाचं ऑइल बघा. काही इनलाइन पंपांच्या कॅम बॉक्सला (पंपाचा खालचा भाग, जिथं कॅम फिरतो) स्वतःचं वेगळं ऑइल असतं, काहींना इंजिनातनं येतं. वेगळं असेल तर लेव्हलचा बोल्ट काढून वास घ्या. वाढलंय, पातळ झालंय, डिझेलचा वास मारतंय, म्हणजे आतनं पण गळतंय. इंजिनातनं ऑइल येणारा असेल तर इंजिनची डिपस्टिक बघा आणि लेव्हल वर चढलेली दिसली तर ट्रॅक्टर जागेवरनं हलवू नका. बाहेर पडणाऱ्या डिझेलनं पैसे जातात, आत पडणाऱ्यानं क्रँक जातो. एवढं करून परत इथं लिहा.

हिशेबनीस
सेकंदाला एक थेंब धरू. पाण्याचे वीस थेंब म्हणजे एक मिली असं धरतात, डिझेलचा थेंब बारका असतो म्हणून चाळीस धरा. तासाला नव्वद मिली. दहा तास ट्रॅक्टर चालला तर जवळपास लिटरभर, म्हणजे दिवसाला तेवढ्या डिझेलचे पैसे मातीत. सीझनभर असंच चालवणार असाल तर दुरुस्तीचे पैसे तुम्ही तसेही भरताय, फक्त पंपवाल्याला न देता जमिनीला देताय.

अकोलेकर
भाऊ, हिशेब सोडा, सकाळी सेल्फ जास्त खाते म्हणता ना, तिथं लक्ष द्या. जिथून दिवसा डिझेल बाहेर येते तिथूनच रात्री एअर आत जाते अन् लाइनमधलं डिझेल टाकीकडे उतरून जाते. टाकी ते फीड पंप एवढ्या पट्ट्यात लिकेज असलं तं बाहेर थेंब बी दिसत नाही, कारण तिथं ओढ असते, दाब नसते. तिथल्या रबरी पायपा अन् क्लिपा पह्यले बदला, शंभर-दोनशे रुपयांचं काम हाये. पंप खोलायच्या गोष्टी मंग.

कृष्णाकाठ
+१ अकोलेकर. आमच्या शेजारी असंच पंपावर बरंच बिल करून झालं आणि शेवटी निघाली काय तर टाकीच्या कॉकला चीर.

रानवाटा
माझं मत जरा वेगळं आहे. घरी का दुकानात यात मधला रस्ता कुणी सांगत नाही. पंप स्वतः उतरवायचा, हातात घेऊन बेंच (पंप तपासायचं मशीन) असलेल्या पंपवाल्याकडं जायचं, काम होईपर्यंत तिथंच बसायचं, आणि परत येऊन स्वतः बसवायचा. आमचा ट्रॅक्टर मीच बघते, मिस्टर नोकरीला. मिस्त्रीकडनं काम केलं की उतरवायची मजुरी, न्यायची-आणायची मजुरी, बसवायची मजुरी, शिवाय पंपवाल्याकडं आपला पंप चार दिवस नुसता फळीवर पडलेला असतो कारण मिस्त्रीला पण घाई नसते. स्वतः सकाळी दुकान उघडताना दारात उभं राहिलं की बऱ्याचदा त्याच दिवशी मिळतो.

उतरवण्यात अवघड असं फार नाही, पण आधी पंपाची फ्लँज आणि इंजिन बॉडी यांच्यावर मिळून एक सरळ रेघ टोकदार अवजारानं ओढून ठेवायची. खडू-मार्करनं नाही, डिझेलनं पुसतो. पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनला वर आणून फ्लायव्हीलची खूण जुळवायची आणि मग गिअरचे बोल्ट सोडायचे. सोडताना टायमिंग केसात खाली चिंध्या कोंबायच्या, एक बोल्ट आत पडला की पुढचं सगळं कव्हर काढायला लागतं. नोझलची पायपं सोडताना नटाला एक पाना आणि खालच्या होल्डरला (डिलिव्हरी व्हॉल्व्ह दाबून धरणारा, पंपात आवळलेला तुकडा) दुसरा पाना अडकवून धरायचा, नाहीतर नटाबरोबर होल्डरच फिरतो आणि नवीन लिकेज तयार. उघड्या तोंडांना लगेच प्लॅस्टिक आणि रबर. अंगणात वारा सुटलेला असताना हे काम काढू नका, आमच्याकडं पाचटाची कुसळं उडत असतात, कशी आत जातात कळत नाही.

फोरबायफोर_सातारा
ताई दंडवत.

बेंचवाला
मी पंप-नोझलचंच दुकान चालवतो, गाव सांगत नाही, जाहिरात नको. इथं बरेच जण लिहितात की पंपवाले मुद्दाम पूर्ण ओव्हरहॉल गळ्यात मारतात. मारतात काही, नाही म्हणत नाही. पण आमची पण बाजू ऐका. पंधरा-वीस वर्षांचा पंप येतो, एका होल्डरची ओरिंग गेलेली असते, गिऱ्हाईक म्हणतं तेवढीच टाका. टाकली. बाकीची रबरं त्याच वयाची. महिन्याभरात दुसरीकडनं गळतं आणि मग गावभर सांगत फिरतं की दुकानवाल्यानं बिघडवून दिला. त्यामुळं किमान सगळी रबरं आणि वॉशर एकदम, हे मी हट्टानं करतो. एलिमेंट मात्र बेंचवर रीडिंग घेतल्याशिवाय बदलायचं कारण नाही. तुमच्या मिस्त्रीनं पंप न बघता एलिमेंट सांगितलं असेल तर मला ते पटलं नाही.

दुकानात गेल्यावर काय मागायचं ते सांगतो. खोलायच्या आधी बेंचवर लावून प्रत्येक लाइनचं डिझेल किती पडतंय ते दाखवा म्हणा, चारही नळकांड्यात सारखं पडतंय का ते डोळ्यांनी दिसतं, त्यात शिकलेलं असायची गरज नाही. काम झाल्यावर परत दाखवा. जुना माल परत घ्या. आणि गव्हर्नरच्या (इंजिनचा स्पीड सांभाळणारा भाग) स्क्रूला सील मारून घ्या, म्हणजे नंतर कुणी "पॉवर वाढवून देतो" म्हणत पिळला तर कळतं.

मेल्बर्नकर
जरा बाहेरचा अनुभव. माझ्याकडं जुनी लँडक्रूझर आहे, १एचझेड इंजिन, रोटरी पंप (एकच फिरता प्लंजर सगळ्या सिलिंडरना डिझेल वाटतो तो). इथं डिझेलमधलं सल्फर २००६ ला ५० पीपीएमवर (दहा लाखात ५० भाग) आणलं आणि २००९ ला १० वर, आणि जुन्या पंपवाल्यांची इथं अजून एकच तक्रार, थ्रॉटल शाफ्टमधनं डिझेल. भारतात तेच उशिरा झालं ना, २०१० ला बीएस-३ (प्रदूषणाचा नियम) सगळीकडं म्हणजे ३५०, २०१७ ला ५० आणि २०२० ला १०? सल्फर स्वतः रबराला काही करत नाही, पण ते काढायच्या प्रोसेसमध्ये डिझेलमधले अ‍ॅरोमॅटिक पण कमी होतात, आणि जुनं नायट्राइल रबर वर्षानुवर्षं त्याच अ‍ॅरोमॅटिकनी फुगून बसलेलं असतं. ते कमी झालं की रबर आकसतं, कडक झालेलं असतं म्हणून परत दाबून बसत नाही. नवीन टाकताना व्हायटॉनच्या ओरिंग मागा, महाग असतात थोड्या पण टिकतात. इथं मजुरी तासावर असल्यानं बाहेरची सीलं लोक गॅरेजमध्ये स्वतःच बदलतात, पंपाच्या मागच्या हेडला मात्र शहाणा माणूस हात लावत नाही.

नोझलनाना
मेल्बर्नकर बरोबर. आमच्याकडं पण ओरिंग काढली की नखानं मोडायची, रबर कसलं बेकेलाइट.

बांधकरी
उशीर झाला लिहायला, लाइट नव्हती. नाना म्हणाले तसं सगळं केलं. धुतला, पावडर मारली (घरच्यांनी विचारलं ट्रॅक्टरला कुठं लग्नाला न्यायचाय का). हँड पंप मारताना दोन ठिकाणी ओलं झालं. एक म्हणजे हँड पंपाच्याच दांड्यातनं वर येतंय, आणि दुसरं फिल्टरकडनं येणाऱ्या पायपाचा बँजो. मग चालू करून बघितलं तर दोन नंबरच्या होल्डरच्या बुडाशी पण रिंगण ओलं होतंय, हळू. पंपाचं ऑइल वेगळंच निघालं, लेव्हल किंचित वर वाटली आणि वास आहे थोडा. इंजिनची डिपस्टिक बरोबर आहे. आता चुलतभाऊ म्हणतो होल्डर पण आपणच खोलू, एवढं तर एवढं.

अकोलेकर
हँड पंप तं सरळ नवा टाका, रिपेर करू नका. वॉशर बी नवे. नवे भेटले नाही तं जुना तांब्याचा वॉशर गॅसवर लाल करा अन् पाण्यात टाका, नरम पडते, परत धरते. अल्युमिनियमच्या वॉशरले असं करू नका, ते लाल व्हायच्या आधीच वितळते.

नोझलनाना
बांधकरी, हँड पंप आणि बँजो घरी करा, त्यात बिघडण्यासारखं काही नाही. नंतर एअर नीट काढा, आधी फिल्टरचा स्क्रू, मग पंपाचा, शेवटी नोझलकडचे नट अर्धा आटा ढिले करून सेल्फ, बुडबुडे थांबले की आवळा.

होल्डरबद्दल मात्र टॉर्क पान्याशिवाय हात लावू नका. लोकांना वाटतं गळतंय म्हणजे ढिला आहे, आणखी आवळू. तो होल्डर खाली डिलिव्हरी व्हॉल्व्हच्या सीटला दाबतो आणि सीट बॅरलला दाबते. जास्त आवळला की बॅरल केसभर वाकतो, केस पण फार झाला, काही मायक्रॉन, आणि प्लंजर अडकतो. प्लंजर अडकला की रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी दातेरी पट्टी) अडकतो. रॅक फुल डिझेलला अडकला तर इंजिन पळतं, स्टॉपची वायर ओढून काही होत नाही.

बेंचवाला
हे मी बघितलंय. एका गिऱ्हाइकानं दोन फूट पाइप घालून होल्डर आवळला होता. इंजिन सुटलं ते सुटलंच, पोरगा हुशार म्हणून एअर क्लीनरचा पाइप उपटला आणि तोंडावर फळी दाबली. हात कुणी लावू नका तिथं, एवढी ओढ असते की हात आत खेचला जातो. पंपाचं काम करून पहिल्यांदा चालू करताना मी दुकानात पण फळी शेजारी ठेवतो. आणि चालू करायच्या आधी रॅक बोटानं मागंपुढं सरकवून बघायचा, कुठंही अडखळला नाही पाहिजे.

अजून एक, चार व्हॉल्व्ह काढले तर ज्याची सीट त्यालाच. एका ताटात सगळे टाकून धुतले की संपलं.

चुलतभाऊ_इंदापूर
मीच तो चुलतभाऊ. व्हिडिओत माणूस नुसत्या पान्यानं आवळतोय आणि ट्रॅक्टर चालू पण करून दाखवतोय. सगळं पंपवाल्यांनी भीती घालून ठेवलंय.

बेंचवाला
दादा, त्या माणसाच्या हाताला अंदाज असेल, माझ्या वडिलांच्या हाताला पण होता. तुम्ही या दुकानात, एक होल्डर हातानं आवळा आणि मग पाना लावून बघू किती आला. चहा माझ्याकडून.

हिशेबनीस
चहाचा खर्च धरलेला नाही.

कृष्णाकाठ
एक शंका, नवीन ट्रॅक्टरला पण हेच सगळं लागू का? भावानं पन्नासच्या वरचा एचपी घेतलाय, त्याला पण पंपापाशी ओलसर दिसतंय.

नोझलनाना
नाही, तो विषयच वेगळा. १ जानेवारी २०२३ पासनं पन्नास एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरला ट्रेम-४ (ट्रॅक्टरच्या धुराचा नियम) लागू झालं, त्यात बहुतेकांना कॉमन रेल (सगळ्या नोझलना एकाच जास्त प्रेशरच्या नळीतनं डिझेल) आहे. तिथं हजार बारच्या वरची बात, नट ढिला करून एअर काढायची जुनी सवय तिथं जिवावर बेतेल. शिवाय वॉरंटीत असणार. कंपनीकडं न्या आणि जॉब कार्डवर लिहून घ्या. साधा इनलाइन पंप १९२७ पासनं तसाच चालत आलाय म्हणून आपण त्याला हात तरी लावू शकतो.

बांधकरी
अपडेट देतो. हँड पंप नवा टाकला, बँजोचे दोन्ही वॉशर बदलले, अकोलेकरांचं ऐकून टाकीकडची रबरी पायपं पण बदलली, त्यातली एक क्लिपेपाशी अशी चिरली होती की हातात तुकडा आला. सकाळचा सेल्फ तिथंच सुटला, आता पहिल्या झटक्यात घेतो. होल्डरसाठी तालुक्याच्या पंपवाल्याला फोन केला, तो म्हणाला पंप उतरवायची गरज नाही, पोरगा पाठवतो. पोरगा मोटरसायकलवर आला, त्याच्याकडं होल्डरचा दातेरी सॉकेट आणि टॉर्क पाना दोन्ही होतं. चारही होल्डरच्या ओरिंग आणि खालचे वॉशर बदलले, एका वेळी एकच खोलला, म्हणजे सीटची अदलाबदल नाही. आवळून, परत ढिला करून, परत आवळला. रॅक बघितला. फळी आम्ही आणून ठेवली होती, पोरगा हसला पण काढा म्हणाला नाही. मिस्त्रीनं सांगितलेल्या आकड्याच्या मानानं खर्च फार कमी आला. चुलतभाऊ शेजारी उभा राहून सगळं शूट करत होता.

राहिला पंपाच्या ऑइलचा वास. त्याचं काय करू, सीझन निघेल का?

बेंचवाला
पोरगं चांगलं शिकलेलं दिसतंय. ऑइल आत्ता बदला, लेव्हलपर्यंतच भरा, आणि दर आठवड्याला लेव्हलचा बोल्ट काढून बघा. दोन कारणं असतात. एक तर फीड पंपाचा दांडा झिजलाय आणि तिथनं डिझेल कॅम बॉक्सात उतरतंय, हे स्वस्त आणि फीड पंप बदलला की संपतं. दुसरं, एलिमेंटच झिजलंय. पंप नुसता बघून यातलं कुठलं ते कळत नाही, पण अंदाज देतो: गरम झाल्यावर बंद केला आणि लगेच चालू करताना त्रास देत असेल, लोडला ओढ कमी वाटत असेल, तर एलिमेंटकडं बोट जातं. तुमचं तसं काही नाही म्हणताय तर आधी फीड पंप बदला. लेव्हल तरी चढतच राहिली तर मग सीझन असो नसो पंप बेंचवर आणा, पातळ ऑइलवर कॅम आणि रोलर चालवला की दुरुस्ती परवडत नाही, दुसरा पंप शोधायला लागतो.

रानवाटा
आणि आणायचा तेव्हा स्वतः उतरवून आणा :)

फोरबायफोर_सातारा
धागा चालू आहे तोवर माझं पण विचारून घेतो. जुनी जीप, रोटरी पंप, वरच्या झाकणापाशी आणि थ्रॉटलच्या दांड्यापाशी गळतंय. झाकण उघडून सील टाकू का? नाना शिव्या देऊ नका, एमसील लावलेलं नाही.

नोझलनाना
इंजिन ऑइल वाढलंय का ते आधी बघ. रोटरी पंपाला आत वंगण डिझेलचंच असतं, पुढचं शाफ्ट सील गेलं तर सगळं इंजिनात उतरतं आणि बाहेर थेंब पण दिसत नाही.

ते बरोबर असेल तर झाकण उघडता येतं, पण झाकण सरळ उचलू नकोस, गव्हर्नरची स्प्रिंग आतनं थ्रॉटलच्या दांड्याला अडकवलेली असते. तिरकं करून आधी ती सोडवायची. लिव्हर दांड्यावरनं काढायच्या आधी दोन्हीवर खूण कर, दाते एक घर जरी चुकले तरी रेस कुठल्या कुठं जाते. मागचा फुल लोडचा स्क्रू किती बाहेर आहे ते मोजून लिहून ठेव आणि त्याला हात लावू नको. मागच्या हेडचे चार बोल्ट दिसतील, तिथं गळत असेल तर झाकणाचं काम पण घरी करू नकोस, एकदमच बेंचवाल्याकडं दे. हेड मागं ओढलं की आतल्या स्प्रिंगा आणि शिम जागा सोडतात, मग कितीही जुळव, पंप बेंचशिवाय लागत नाही.

फोरबायफोर_सातारा
डिपस्टिक बघून आलो. बोटभर वर आहे.

नोझलनाना
मग झाकण राहू दे. चालू करू नकोस आता, टो करून ने.